टेलच्या शेजाऱ्याचा हक

इंदापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला 'टेल' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. शब्द इंग्रजी असला तरी आमच्याकडे तो नांगर-कुळवाइतकाच घरचा झाला आहे. नीरा डावा कालवा वीर धरणाकडून निघतो आणि पुरंदर, बारामती करीत इंदापूरपर्यंत येतो. सुरुवातीला ज्यांची शेते, ते हेडचे. शेवटाला ज्यांची, ते टेलचे. आवर्तन सुटले की हेडची पिके भिजतात. टेलला पाणी पोचेलच, याची खात्री कुणी देत नाही.

आमचे घर टेलचे. पाळी आली की अब्बा बॅटरी घेऊन रात्रभर चारीवर बसायचे. कितीदा तरी पाणी यायचेच नाही. वर कुणीतरी पाट फोडलेला असायचा. अब्बा शिव्या देत नसत. एवढेच म्हणत, "वरच्याला खालचा दिसत नाही, हेच दुखणं आहे."

पुढे दिवस पालटले. नदीवरून पाइपलाइन झाली, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. उसाला पाणी मोकाट सोडायचे आणि शेजाऱ्याने युरियाची चार पोती टाकली तर आपण पाच टाकायची, अशी रीत पडली. टेलचे आम्ही कधी हेडचे झालो, ते आम्हालाही कळले नाही.

ते कळले वर्गात. सातवीला भूगोल शिकवताना आम्ही विचारले, समुद्र किती जणांनी पाहिला आहे? चाळीसातले तीन हात वर आले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, अपनी कऱ्हा समंदर तक जाती क्या?" आम्ही तिला नकाशापाशी बोलावले आणि तिचेच बोट धरून कऱ्हेवर ठेवले. बारामती शहरातून वाहणारी कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते. नीरा आमच्या तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेला मिळते. ८६१ किलोमीटरची भीमा रायचूरजवळ कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र आम्हाला किती जवळचा! तरी आमचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून साऱ्या दख्खनेला आडवे जाते. मुलीचे बोट समुद्रावर पोचले तेव्हा ती म्हणाली, "मग सर, अपने मोहल्ले का गटार भी वहींच जाता?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. ज्याला आपण कधी पाहणार नाही, जो आपल्या दारात तक्रार घेऊन येणार नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का?

शेजाऱ्याचा हक आमच्याकडे लहानपणापासून शिकवला जातो. पण शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला, एवढाच अर्थ आपण घेतो. हदीस संग्रहांत एक प्रसंग आहे. मदिनेजवळच्या हर्रा भागातून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून दोघांत तंटा झाला. वरच्या शेतवाल्याने आपले शेत भिजवावे आणि मग पाणी खालच्या शेजाऱ्याकडे सोडावे, असे पैगंबर साहेबांनी आधी सुचवले. आमच्यासारख्या कालव्यावरच्या माणसाला हा निवाडा चटकन उमजतो. भिंतीने शेजार ठरतो तसा पाण्यानेही ठरतो. मग पंढरपूरचा, सोलापूरचा माणूस आमचा शेजारी झाला. आणि कृष्णेच्या मुखाशी होडी घालणारा कोळीही झाला. समुद्र तर सर्वांत शेवटचा शेजारी. आपल्यापर्यंत आलेले टेलचा शेतकरी निदान ओढ्यात सोडू शकतो. समुद्राच्या पुढे ओढा नाही. त्याच्यात आलेले त्याच्यातच राहते.

आपण त्याला काय पाठवतो? युरियातल्या नत्राचा मोठा हिस्सा पिकाच्या उपयोगी पडतच नाही. काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर निचरून विहिरीत, ओढ्यात, नदीत उतरतो. नत्र-स्फुरद पाण्यात वाढले की शेवाळ माजते. ते मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपत जातो. मासे पळू शकले तर पळतात, नाही तर मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीने आणलेल्या खतांमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटरचा पट्टा असाच गुदमरतो. त्या नदीच्या खोऱ्यात मका पिकवणाऱ्या कित्येकांचे गाव समुद्रापासून आमच्याहूनही दूर असेल. बंगालच्या उपसागरात तर काही खोलीवर प्राणवायू मुळातच फार कमी आहे. तिथे आणखी नत्र ओतणे म्हणजे दम्याच्या रोग्यापुढे चूल पेटवणे.

इथे कुणी म्हणेल, आमचे पाणी तिथवर पोचते तरी कुठे? भीमा-कृष्णेवर धरणेच धरणे आहेत. म्हणणे निम्मे खरे आहे. कोरड्या वर्षी नदी मुखापर्यंत धड जात नाही. धरणांत गाळ अडतो आणि ज्या गाळावर मुखाची जमीन उभी असते, तिला तो मिळत नाही. पण पूर आला की वर्षभराचा मैला, प्लास्टिक, विरघळलेली खते खाली जातात. म्हणजे जे पोचायला हवे ते आपण अडवतो, आणि जे पोचू नये ते सोडतो.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. भिगवणला, कुंभारगावला जाऊन उजनीचे पाणी पाहा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणासाठी आमच्या तालुक्यातली गावे उठली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की आजही वर येते. त्या पाण्यात आता पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येऊन साठते. पाणी हिरवे पडते, जलपर्णी माजते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरातली माणसे येतात, त्यांना होडीतून फिरवणारा भोई सांगतो की पूर्वीची मासळी गेली, आता चिलापीच चिलापी. एवढी मोठी शहरे घाण सोडत असताना आम्ही पाच पोत्यांची चार केली, तर समुद्राला काय फरक पडणार?

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. मोठ्याची जबाबदारी मोठी, यात शंका नाही. शहरांनी सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये, कारखान्यांनी आपले दूषित पाणी आपल्या आवारात आवरावे, यासाठी ग्रामसभेत ठराव झाले पाहिजेत, अर्ज गेले पाहिजेत. तो टेलच्या माणसाचा हकच आहे. पण दुसऱ्याने आपली बाकी थकवली म्हणून आपली बाकी फिटत नाही. वाण्याचे देणे देताना 'मलाही लोकांकडून यायचे आहे' हे कारण चालत नाही, मग नदीपुढे ते का चालावे? उजनीच्या काठी आपण पुण्याचे टेल आहोत आणि सोलापूरचे हेड. एकाच वेळी आपल्यावर अन्याय होतो आहे आणि आपण तो करतो आहोत. पहिली गोष्ट मोठ्याने बोलावी, दुसरीवर गप्प बसावे, हे इमानाचे नाही.

आणि इमान फक्त शेतातच लागत नाही. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, असे आम्ही मुलांना शिकवतो. मग बकरी ईदच्या दुपारी आतडी-कातडीची पोती ओढ्यात पडतात, उरुसाच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचे पेले कऱ्हेच्या पात्रात लोळतात, ते कुणाचे शिकलेले? खड्डा खणून पुरायला अर्धा तास लागतो. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे. ती पोलिसांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे आपल्याच फायद्याचे आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मगच खत टाकावे. ऊस ठिबकवर घ्यावा. पाचट जाळू नये, सरीतच कुजू द्यावे. आम्ही घरी माती तपासली, तेव्हा कागद पाहून अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण खालच्याला विकत घेऊन घाण पाठवली." यंदा पोती कमी झाली आहेत. ठिबकचे पैसे अजून जुळलेले नाहीत, हेही कबूल करतो.

माणसे बदलतात, याची साक्ष कोकणात आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची अंडी नेली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केले आणि त्याच गावातले लोक अंड्यांची राखण करू लागले. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला आता दूरदूरची माणसे तिथे येतात.

शेवटी एक आठवण. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातले वादळी ढग काकीनाडाजवळ किनारा ओलांडून थेट आमच्यापर्यंत आले. एका रात्रीत इंदापूर, बारामती, दौंडच्या ओढ्यांना पूर आले, उभी पिके आडवी झाली, माणसेही दगावली. ज्या समुद्राकडे आमचे पाणी जाते, तोच आमच्या दारात आला होता. जगाची वाढती उष्णता बहुतांशी समुद्रच पोटात घेतो, आणि तापलेला समुद्र ढगांना अधिक वाफ देतो. आमचा जूनचा पाऊसही त्याच्याच घरचा. तो आला नाही तर वीर धरण भरत नाही, कालवा सुटत नाही, हेड कोरडे आणि टेलही कोरडे.

त्या मुलीला आता विचारले, तर आम्ही उत्तर थोडे वाढवून देऊ. हो बेटा, आपल्या मोहल्ल्याचे गटारही तिथेच जाते. तो साऱ्या नद्यांचा टेल आहे. आणि साऱ्या पाटांचे हेडही तोच आहे.