दैवाचा क्रमांक पाचवा

पुसदहून माहूर जवळ. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर यांचे दर्शन एका फेरीत होते. लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरची वडीलधारी मंडळी हीच वाट दाखवतात. नवस बोलते सून, उपास धरते सून, अंगारा लागतो तोही तिच्याच कपाळी. नवरा शेजारी हात जोडून उभा असतो. त्याची तपासणी झाली का, हे त्याला कोणी विचारत नाही.

हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्माचाही आहे. अपत्यहीनता हे पूर्वकर्माचे फळ आहे असे मानणाऱ्याने एवढे तरी सांगावे, की ते कर्म दोघांपैकी एकट्या बाईचेच असे कोणी ठरवले? जगभरात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत आढळते. तरीही गावाच्या तोंडी वांझ हा शब्द फक्त तिच्यासाठी असतो.

आपल्या जुन्या ग्रंथांना मात्र हे ठाऊक होते. सुश्रुतसंहिता गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी लागतात असे सांगते. चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष मोजले आहेत. महाभारतातला पंडू स्वतःची असमर्थता लपवत नाही. कुंतीपाशी तो ती उघड बोलतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्बीज पतीचा उल्लेख आहे, आणि त्याच अध्यायात मूल न होणाऱ्या पत्नीला आठव्या वर्षी सवत आणण्याची मुभाही आहे. ज्ञान होते, न्याय नव्हता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सवत बेकायदा ठरवली, पण दोष कोणाच्या माथी मारायचा ही सवय कायद्याने जात नाही.

लेवेनहुकने 1677 मध्ये आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. आज वीर्यतपासणी वंध्यत्वाच्या सर्वांत सोप्या आणि स्वस्त चाचण्यांत मोडते. दोन ते सात दिवसांचा संयम, स्वच्छ डबी, आणि तासाभराच्या आत तपासायला घेतलेला नमुना, एवढेच लागते. बाईच्या दुर्बिणीच्या तपासणीला भूल द्यावी लागते, पोटावर छेद घ्यावा लागतो. तरीही कित्येक घरांत तीच आधी होते. सोपी, बिनवेदनेची तपासणी मागे आणि वेदनेची पुढे, हा क्रमच अन्यायाचा आहे.

अहवालातले आकडे समजून घ्यायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे वीर्य 1.4 मिलिलिटर, प्रत्येक मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू, पुढे सरकणारे 30 टक्के आणि नेहमीच्या आकाराचे 4 टक्के, ही खालची मर्यादा आहे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी तळाच्या पाच टक्क्यांवरून ती काढली आहे. म्हणजे याहून कमी आकडा असलेलेही बाप झालेले आहेत. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यापूर्वीचा मोठा तापही अहवाल बिघडवतो. एका कागदावरून कोणाचे पुरुषत्व ठरवू नये. पुरुषत्व आणि प्रजननक्षमता या दोन गोष्टीच वेगळ्या आहेत.

वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतील तर खरा शोध सुरू होतो. वाट बंद आहे की निर्मितीच थांबली आहे? रक्तातल्या एफएसएच आणि इनहिबिन बी या संप्रेरकांवरून अंदाज येतो. टोरांटोच्या संशोधकांनी 2013 मध्ये वीर्यद्रवातली ईसीएम 1 आणि टेक्स 101 ही दोन प्रथिने पुढे आणली. त्यांच्या प्रमाणावरून हा फरक सुई न टोचता कळू शकेल अशी आशा त्यांनी दाखवली. वाय गुणसूत्रावरच्या एझेडएफ या भागातले ए, बी किंवा सी हे तुकडे गळाले असतील तर कारण जन्मजात असते. ए किंवा बी हा तुकडा पूर्ण गळाला असेल तर अंडकोषातही शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळपास नसते. फक्त सी गळाला असेल तर बऱ्याच जणांत ते सापडतात. मात्र इक्सी करून, म्हणजे शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडून, मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडे जातो. हे आधी कळलेल्या बापाला निवड करता येते. न कळलेला तो दोष नकळत मुलावर लादतो.

इथे गीतेच्या अठराव्या अध्यायाची आठवण ठेवावी. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि गणना तिथून सुरू होते. शरीर न पाहता दैवावर बोट ठेवणारे घर हा क्रम उलटा करते. सगळे शोधूनही सुमारे 30 ते 40 टक्के पुरुषांत कारण सापडत नाही. तिथे दैव म्हणायला हरकत नाही, पण ते दोघांचे मिळून.

शरीराला जोडून शेतही येते. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांना मुले होत नाहीत हे त्यांच्याच ध्यानात आले. तपासले तेव्हा डीबीसीपी या शेतीच्या औषधाने शुक्रजंतू घटल्याचे, काहींत संपल्याचे दिसले. त्या कामगारांच्या बायकांची कर्मे तपासून हे कधी कळले नसते. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी आणि मजूर गेले. ती औषधे वेगळी होती. तरी कपाशीवर पंप घेऊन फिरणाऱ्याने डॉक्टरांना आपले काम सांगायलाच हवे.

राहिला मरणोत्तर गतीचा प्रश्न. पुत्राशिवाय गती नाही असे सांगणाऱ्यांनी पोहरादेवीला जाऊन यावे. तिथल्या ब्रह्मचारी सेवालाल महाराजांना अवघा बंजारा समाज सेवाभाया म्हणून पुजतो. ज्ञानेश्वर आणि रामदासही निपुत्रिक होते.

माहूरला जरूर जावे, नवसही बोलावा. त्याआधी नवऱ्याने स्वतःहून वीर्यतपासणी करून घ्यावी, अहवाल बिघडला तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी, आणि सासूने सुनेला काही बोलण्यापूर्वी तो कागद पाहावा.