हत्ती काढला, साखळी गाळली

बारशाला आलेले दुपटे उलगडावे, तर त्यावर सर्कशीचा हत्ती चेंडूवर उभा, सिंह जळत्या कड्यातून उडी घेतो आहे. आजोबांना आपले लहानपण आठवते, ते सुखावतात. यात वाईट ते काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

विलायतेतला एक दाखला पाहा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'जंबो' नावाचा हत्ती होता. पोरे त्याच्या पाठीवर बसून फेरी मारीत. १८८२ साली तो बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला विकला. जंबो जाईना, रस्त्यातच आडवा पडला. शेवटी साखळदंड घालून, पेटीत कोंडून बोटीने नेला. १८८५ साली कॅनडात आगगाडीची धडक बसून तो मेला. मेल्यावर तरी सुटका? नाही. कातडे भरून तेही खेळाबरोबर फिरविले. आणि त्याच सुमारास एका अमेरिकन सूत-कारखान्याने जाहिरातीत चित्र छापले, की आमच्या दोऱ्याने जंबो ओढला जात आहे! साखळदंडाच्या जागी सुती दोरा आला. सारी गोम इथेच आहे. चित्रात हत्ती खरा असतो, साखळी तेवढी गाळलेली असते.

आमच्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस काढली. त्या धाडसाचा अभिमान वाटावा, वाटतोही. पण आगीला भिणारा वाघ कड्यातून उडी घेतो तो हौसेने नव्हे, चाबकाच्या धाकाने. म्हणूनच १९९८ साली भारत सरकारने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

नैयायिक स्मृतीला प्रमा मानीत नाहीत. ती संस्कारापासून उपजते, आणि संस्कार ज्याचा त्याचा. आपल्याला मौज आठवते. ज्याने मार खाल्ला तो मुका. त्याची आठवण कापडावर कोण छापणार?

कुणी म्हणेल, 'अहो, लेकराला त्यातले काय कळते?' बाबांनो, कळत नाही म्हणूनच जपायचे. संस्कार कळण्याच्या आधीच होऊन जातो.

मग दुपटे जाळावे काय? छे! नवे घ्याल तेव्हा नदीत डुंबणारा हत्ती पाहून घ्या. जुने आहे ते खुशाल पांघरवा. पुढे पोर विचारील, 'आजोबा, हत्ती चेंडूवर का उभा?' तेव्हा 'गंमत म्हणून' असे सांगू नका. गंमत आपली होती, त्याची नव्हती, एवढे खरे सांगा.