स्वग्रामत्याग आणि ऋणत्याग

ज्याच्या हातून मनुष्यहत्या घडली आहे असा एखादा पुरुष आश्रमाच्या दारी येऊन उभा राहिला आणि 'मला अनुसरावयाचे आहे' असे म्हणाला, तर त्यास काय उत्तर द्यावे? त्यास परत लावावे, तर परमेश्वराचे द्वार केवळ निष्कलंकांसाठीच उघडे आहे असे म्हटल्यासारखे होईल. लगोलग भिक्षुवेष द्यावा, तर तो वेष म्हणजे राजदंडापासून दडण्याचे ठिकाण ठरेल. या प्रश्नाचा विचार साधकांनी आणि वासनिकांनीही करून ठेवणे अवश्य आहे. कारण हिंसेचा मार्ग सोडू पाहणारा मनुष्य केव्हा कोणाच्या दारी येईल, हे सांगता येत नाही.

या बाबतीत चंबळच्या खोऱ्यातील घटना मननीय आहेत. नैनी येथील तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंहाने विनोबाजींना पत्र लिहून भेटीची इच्छा व्यक्त केली. त्यातून पुढे मे १९६० मध्ये विनोबाजींची भिंड-मुरैना भागातील पदयात्रा घडली आणि वीस जणांनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. पुढे १९७१ साली पाटण्यास जयप्रकाश नारायण यांच्याकडे रामसिंह नावाचा एक मनुष्य आला. आपण ठेकेदार आहोत, असे त्याने सांगितले. बोलणे पुढे गेल्यावर मात्र 'मीच माधोसिंह' असे त्याने कबूल केले. ज्याला पकडण्यासाठी सरकारने इनाम लावले होते, तोच हा. दिनांक १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे माधोसिंह, मोहरसिंह व त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे बंदुका ठेवल्या. फाशी दिली जाणार नाही एवढे आश्वासन त्यांना होते. कारावास मात्र भोगावाच लागणार होता. त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो मुंगावली येथील खुल्या तुरुंगात भोगला.

जौऱ्याचा तो समारंभ लोकांच्या स्मरणात राहिला. परंतु विचारवंताने पाटण्याच्या त्या खोलीकडे अधिक लक्ष द्यावे. बंदूक खाली ठेवण्यापूर्वी त्या मनुष्याला खोटे नाव खाली ठेवावे लागले. 'रामसिंह' या नावाने तो सुरक्षित होता, आणि त्या नावाने त्याला शरण मात्र जाता येत नव्हते. जो आपले नाव सांगत नाही, त्याने शरण जावयाचे तरी कोणी म्हणून?

खोट्या नावाहून सूक्ष्म असे आणखी एक आवरण असते. चंबळच्या घळींत राहणारे हे लोक स्वतःस 'डाकू' म्हणवीत नसत, 'बागी' म्हणवीत. बागी म्हणजे अन्यायाविरुद्ध बंड करून उठलेला. कित्येकांच्या जीवनाच्या आरंभी जमिनीचा तंटा, कुळाचे वैर, पोलिसांचा जाच असे खरोखरच काही होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याशी प्रेमाने बोलू इच्छिणाऱ्यांनीही हाच शब्द वापरला, आणि त्या प्रसंगी ते उचितच होते. अपमान करून कोणाचे हृदय उघडत नाही. तथापि साधकाने स्वतःपुरता विचार करताना हा शब्द पारखून घ्यावा. ज्या घरचा कर्ता पुरुष पळवून नेला गेला, त्या घरी 'बागी' या शब्दाचा अर्थ काय उरतो? ज्या शिपायाने चकमकीत प्राण गमावला, त्याच्या विधवेस हे बंड कोणाविरुद्धचे वाटेल? कारण सांगणे निराळे आणि कृत्य कबूल करणे निराळे. 'माझ्यावर अन्याय झाला म्हणून' हे वाक्य खरे असूनही 'मी मारले' या वाक्यास ते झाकून टाकू शकते. सत्यजीवनाचा आरंभ दुसऱ्या वाक्यापासून होतो.

येथे पूर्वपक्ष असा संभवतो: आपल्या आचारधर्मात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः आप्तजनांचा संबंध त्याज्य सांगितला आहे. पूर्वायुष्य मागे टाकून परक्या देशी अज्ञात होऊन राहावे, हेच जर साधकास विहित आहे, तर त्या हत्या करणाऱ्यानेही दूर निघून जावे आणि पूर्वीचे काही बोलू नये. त्यात दोष कोणता?

समाधान असे. त्याज्य सांगितला आहे तो संबंध, ऋण नव्हे. गाव सोडावयाचा तो तेथे आपला मान आहे, जिव्हाळा आहे, आपल्याला ओळखणारे व जेवू घालणारे आहेत म्हणून. ज्या गावात आपल्याला सुख आहे तो सोडणे हा त्याग होय. ज्या गावात आपल्याला जाब विचारला जाणार आहे तो सोडणे हे पलायन होय. बाहेरून दोन्ही क्रिया एकसारख्याच दिसतात. दोघेही पाठ फिरवून चालू लागतात. परंतु एकाने आसक्ती मागे ठेवली आहे आणि दुसऱ्याने सावकार मागे ठेवला आहे. म्हणून अशा पुरुषास आश्रमाचे उत्तर हेच असावे की, 'बाबा, दार बंद नाही. आधी जेथे उत्तर द्यावयाचे आहे तेथे देऊन ये, मग ये.'

बौद्धांच्या ग्रंथांतील अंगुलिमालाची कथा येथे उपयोगी पडते. भिक्षू झालेल्या त्या हत्यारास प्रसेनजित राजाने धरले नाही. परंतु भिक्षेस गेला असता लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, पात्र भंगले आणि वस्त्र फाटले. बुद्धाने त्यास 'दुसऱ्या गावी जा' असे सांगितले नाही. 'सहन कर' असे सांगितले. वेषाने राजापासून रक्षण झाले, गावापासून झाले नाही. आणि व्हावयासही नको होते.

शेवटी दोन गोष्टी आपणा सर्वांविषयी. पहिली, क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा आहे. आपण, ज्यांचे काहीच गेले नाही, त्यांनी उदार होऊन ती वाटून टाकू नये. ती क्षमा कदाचित कधीच मिळणार नाही. तरीही सरळ वागत राहणे हाच त्या पुरुषाचा अनुताप. क्षमेच्या आशेने केलेले सद्वर्तन हाही एक व्यवहारच होय. दुसरी, असा मनुष्य आपल्यात आला तर त्यास व्यासपीठावर बसवून पूर्वीच्या क्रूर कथा सांगावयास लावू नये. ज्या पापाचा त्याला भार वाटावयास हवा, त्याचे आपण भूषण करून देतो. त्याच्या हाती झाडू द्यावा, पाण्याची घागर द्यावी, आणि वर्षे जाऊ द्यावीत.

शस्त्र एका दिवसात खाली ठेवता येते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी, कोणी विचारले असता, आपले खरे नाव सांगता आले पाहिजे. हे ज्यास साधेल, त्याचा स्वग्रामत्याग खरा.