शिट्टी वाजण्याआधी

जरा बसा.

हातातला फोन बाजूला ठेवा. खांदे सैल सोडा. एक श्वास आत घ्या, सावकाश. तितक्याच सावकाश बाहेर सोडा.

आता कोल्हापूरची एक सकाळ डोळ्यांसमोर येऊ द्या. शिवाजी पेठ. वरुणतीर्थ वेशीजवळचं गांधी मैदान. उजाडलंय, पण ऊन अजून जमिनीवर उतरलेलं नाही.

इथं पूर्वी तळं होतं. वरुणतीर्थ त्याचं नाव. तळं बुजलं, मैदान झालं. तरी मोठा पाऊस लागला की पाणी आपली जुनी जागा शोधत येतं आणि इथं साचून राहतं.

आता पाऊस गेला आहे. माती ओलसर आहे, पण पाय रुतत नाही.

त्या मातीचा वास घ्या. घाई नाही.

मैदानाच्या मधोमध एक चेंडू आहे.

अजून कुणी त्याला पाय लावलेला नाही. तो नुसता आहे. खालच्या बाजूला थोडा चिखल लागलाय. वर दव आहे.

त्याच्याकडे पाहा.

पाच नंबरचा चेंडू. घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. वजन ४१० ते ४५० ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्याच्यावर इथल्या पेठांचा जीव आहे.

तो कुठं जाणार, हे अजून ठरलेलं नाही.

तुमच्या मनातही काही ठरवू नका. चेंडू थांबला आहे. तुम्हीही थांबा.

एक श्वास.

आता पोरं येताहेत.

चौदा, पंधरा, सोळा वर्षांची. कुणी सायकलवरून, कुणी चालत, कुणी वडिलांच्या गाडीवर मागं बसून. डोळ्यांत अजून झोप आहे. एकाचे शूज नवे आहेत. एकाचे मोठ्या भावाचे, पुढं कापूस भरून घातलेले.

मैदानात पाऊल टाकण्याआधी एक पोरगा वाकतो. मातीला हात लावतो. हात कपाळाला नेतो.

हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यानं ते पाहिलं आहे.

ही सवय तालमीतून आली. या गावात आधी कुस्ती होती, लाल माती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. पुढं तालमीच्या पोरांनी चेंडूही आपला मानला. आजही इथल्या फुटबॉल संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ.

नावं मनात हळू म्हणा. प्रत्येक नावाच्या मागं एक पेठ आहे, एक गल्ली आहे, दारात उभी असलेली आई आहे.

पुन्हा त्या पोराकडे या. त्याच्या कपाळावर मातीचा बारीक ठिपका आहे.

तिथंच राहा, क्षणभर.

पोरं धावायला लागतात. मैदानाच्या कडेनं, एका रांगेत.

ऐका.

शूजखाली माती दबल्याचा आवाज. श्वासांचा आवाज. पहिल्या फेरीत ते बोलतात, हसतात. दुसऱ्या फेरीत बोलणं कमी होतं. तिसऱ्या फेरीत फक्त श्वास उरतो.

पावसाळाभर यांचा सराव तुटक झाला आहे. पोटऱ्या भरून आल्यात. दम अजून आलेला नाही.

दम हळूहळूच येतो. त्याला घाई करता येत नाही.

तुमचा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर जाऊ द्या. आत. बाहेर. आत. बाहेर.

आता मनात एक प्रश्न येईल. तो येणारच. तो चौकात आहे, कट्ट्यावर आहे, चहाच्या गाड्यावर आहे.

यंदा पोरं काय करतील?

येऊ द्या त्या प्रश्नाला. त्याला हाकलू नका. त्याला उत्तरही देऊ नका.

आठवा, पावसाळ्यात आपण सगळे कसे कान देऊन असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली? ३९ फूट म्हणजे इशारा. ४३ फूट म्हणजे धोका. त्या दिवसांत सगळं गाव एका आकड्याकडे लक्ष लावून बसतं. नदी आपल्या मनानं चढते आणि आपल्या मनानं उतरते. आपण जागे राहतो, एवढंच.

तेवढंच लक्ष आता या पोरांकडे द्या. आकडा न मागता.

मैदानाच्या टोकाला गोलपोस्टखाली एक पोरगा उभा आहे.

तो गोलकीपर आहे. त्याच्या डोक्यावर आडवा खांब २.४४ मीटर उंच आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांत ७.३२ मीटरचं अंतर आहे. मोठ्यांच्या सामन्यात असतो तेवढाच गोल. तो गोल त्याच्यासाठी लहान झालेला नाही. त्यालाच त्या गोलाएवढं व्हायचं आहे.

तो हात पसरतो. दोन्ही बाजूंना केवढी तरी मोकळी जागा उरते.

त्या मोकळ्या जागेकडे पाहा.

तिथून गोल होतील. या हंगामात होतील, पुढच्याही. तो मातीत पडेल, उठेल, जाळ्यातून चेंडू काढून देईल. मग पुन्हा मधे येऊन उभा राहील.

त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. काही बोलू नका.

आणखी एक श्वास.

ऑक्टोबर २०१७ आठवतो?

सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला होता. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. याच गावचा पोरगा, निळ्या जर्सीत.

६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना झाला. भारत ३-० असा हरला. मग कोलंबिया, २-१. मग घाना, ४-०. तिन्ही सामने गेले.

कोलंबियाविरुद्धचा तो एक गोल मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं केला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल.

तीन हार. एक गोल. आणि कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत टीव्हीसमोर बसलेली लहान पोरं.

त्या पोरांनी काय पाहिलं असेल? हार पाहिली असेल. आणि आपल्यातला एक तिथवर पोचतो, हेही पाहिलं असेल.

हे दोन्ही एकत्र मनात धरा. एकाला दुसऱ्यानं पुसू नका.

मैदानावर या.

आता पासिंग चालू आहे. दोघे दोघे समोरासमोर. चेंडू जातो, चेंडू येतो.

"भावा, दे की!"

चेंडू जातो. थोडा चुकतो. पोरगा धावत जाऊन आणतो.

पुन्हा जातो. या वेळी नीट पोचतो. दोघांपैकी कुणीच काही म्हणत नाही. नुसती मान हलते.

ती मान हललेली तुम्ही पाहिलीत का?

हंगाम इथं तयार होतो. इतका हळू, की कडेनं जाणाऱ्याला दिसत नाही.

यातला एखादा मोठ्यांच्या संघात जाईल आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर उतरेल. एखाद्याच्या डोळ्यांत दिल्लीतला सुब्रतो कप आहे. १९६० पासून शाळेच्या पोरांना बोलावणारी ती स्पर्धा. एखादा दहावीनंतर खेळ सोडेल. एखाद्याचा गुडघा दुखावेल. एखादा पुढं स्वतः शिट्टी गळ्यात अडकवून लहान पोरांना शिकवेल.

कोण काय होईल, हे आत्ता त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं नाही.

चेहरे पाहा. एकेक करून. कुणालाही वगळू नका. जो राखीव म्हणून कडेला उभा आहे, त्यालाही पाहा. तो स्वतःच्याच पायावर चेंडू उडवतोय. मोजतोय. चेंडू पडतो. तो पहिल्यापासून मोजायला लागतो.

त्याच्याबरोबर मोजा. मनातल्या मनात.

ऊन आता मैदानाच्या एका कोपऱ्यात उतरलं आहे. तिकडं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आल्यात, धारोष्ण दुधाचे पेले भरताहेत. सराव संपला की यातली दोन-चार पोरं तिकडं वळतील. ओठांवर फेस घेऊन शाळेला पळतील.

त्याआधी थोडा खेळ होणार आहे. आपसातच, अर्धे इकडं, अर्धे तिकडं.

चेंडू पुन्हा मधोमध ठेवला आहे. सर शिट्टी तोंडाशी नेतात.

या क्षणात राहा. कुणी जिंकलेलं नाही, कुणी हरलेलं नाही. सगळी पोरं एकाच गोष्टीकडे बघताहेत. तुम्हीही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता डोळे उघडा, आणि एक काम मनाशी ठरवा.

मोठ्या संघांच्या सामन्यांना आपण गर्दी करतो. पेठेसाठी घसा फोडतो. कधी कधी ईर्षा वाढते, आणि जे होऊ नये ते गॅलरीत होतं. लहान पोरं ते बघत असतात.

यंदाच्या हंगामात लहान पोरांचा एक तरी सामना पाहायला जा. पायरीवर बसा. आपल्या पेठेचा असो वा समोरच्या पेठेचा, चांगला पास झाला की टाळी वाजवा. गोलकीपर चुकला तर शिवी देऊ नका, नाव घेऊन हाक मारा. शेवटच्या शिट्टीपर्यंत उठू नका. आणि पोरगं घरी आल्यावर "जिंकलात का?" हे विचारण्याआधी "कसा खेळलास?" एवढं विचारा.