बाळंतिणीची खोली आणि सासूचा अधिकार

श्रावण वद्य अष्टमीस नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानासाठी यात्रेकरूंची रीघ लागते. ज्या बाळाच्या जन्माचा हा उत्सव, त्यास एका मातेने जन्म दिला व दुसरीने वाढविले. देवकी आणि यशोदा यांपैकी अधिकार कोणाचा, असा वाद आपण कधी घातला नाही. परंतु आपल्या घरी नातवंड आले की आई आणि आजी यांच्यात नेमका हाच वाद उभा राहतो. त्याचाच विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका घरी सासूबाई बाळास चाटविण्यासाठी मधाची वाटी घेऊन आल्या. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी नको सांगितले आहे." सासूबाई उत्तरल्या, "माझी चार मुले मध चाटूनच वाढली." मुलगा तेथेच होता, तो वर्तमानपत्र घेऊन पडवीत जाऊन बसला. वाटी परत गेली, पण त्या दिवसापासून बोलणे खुंटले आणि टोमणे सुरू झाले. सून रात्री बाळास मांडीवर घेऊन एकटीच रडत असे.

येथे सुनेचा धर्म कोणता? निमूटपणे ऐकणे, की तुटून निघणे? आमच्या मते दोन्ही नव्हे.

प्रथम सासूची बाजू पाहू. तीही कधी काळी बाळंतीण होती, आणि तेव्हा तिचे मत कोणी विचारले नव्हते. पुढे वडीलपणाने तिला जो थोडा मान मिळाला, तो मुख्यतः याच खोलीत. "डॉक्टर नको म्हणतात" हे शब्द तिच्या कानी "तुमचे सारे चुकले" असे पडतात. हे दुःख सुनेने जाणावे. परंतु दुःख जाणणे वेगळे आणि आज्ञा पाळणे वेगळे. मान माणसास द्यावयाचा असतो, त्याच्या प्रत्येक समजुतीस नव्हे.

एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, कारण त्यातील एका जंतूच्या बीजापासून अंग लुळे पाडणारा घातक विकार होऊ शकतो. पहिल्या दिवसांचा चीक टाकू नये, आणि सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. येथे सुनेने तिळभरही मागे हटू नये. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. तेथे प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. नवे शिकताना त्यांनी जुन्याकडे पाठ फिरविली नाही.

म्हणून जेथे अपाय नाही, तेथे सुनेने मोकळ्या मनाने द्यावे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सटीचे पूजन, बारशाचा थाट, पाळण्याची गाणी यांत सासूबाईंस पुढे करावे. दहा गोष्टी आनंदाने मानणाऱ्या सुनेचा एक नकार सासूसही सोसतो.

मात्र तो नकार एकट्या सुनेने का उच्चारावा? ते काम मुलाचे आहे. "आई, हा आम्हा दोघांचा निर्णय आहे," एवढे वाक्य त्याने वेळीच बोलावे. पडवीत जाऊन बसणे ही मातृभक्ती नव्हे. तो केवळ भित्रेपणा होय.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगतो. मुलगी झाली म्हणून हिणविणे, बाळंतिणीस पोटभर अन्न न देणे, हा स्वभावदोष नव्हे, अधर्म आहे. तो सोसणे पुण्य नाही. बाळंतिणीची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्यास नखरे न म्हणता डॉक्टरांस दाखवावे; तो आजार आहे आणि तो बरा होतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले. भक्तांनी लिंग नदीपार नेले, ते नार्व्यास स्थापन झाले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. भिंती गेल्या, जागा बदलली. देव तोच राहिला. घराच्या परंपरेतही देव कोणता आणि भिंत कोणती, हे सासू-सुनेने मिळून ओळखावे. बाळाचे क्षेम हा देव. मधाची वाटी ही भिंत. भिंत राखण्यासाठी देवास दुखवू नये, आणि भिंत उतरविताना ती बांधणाऱ्या हातांचाही अवमान करू नये.