बिनभिंतीचा तुरुंग

दिवाळीच्या अंकात तुरुंगाचा विषय पाहून कुणी कपाळाला आठ्या घालील. परंतु सणाच्या पंगतीत एखादे पान रिकामे राहिले, की त्या माणसाची आठवण अधिकच होते. मग समाजाच्या पंगतीतून उठवलेल्यांची आठवण आजच का काढू नये?

माणसाला वर्षानुवर्षे कोंडणे हीच शिक्षा, ही कल्पना वाटते तितकी पुरातन नाही. पूर्वी फटके, हद्दपारी, देहदंड असे. कोठडी बहुधा निवाडा होईपर्यंतच. १८२९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एक भव्य तुरुंग उघडला. कैद्याला पूर्ण एकांत दिला, तर पश्चात्तापाने तो शुद्ध होईल, अशी तो उभारणाऱ्यांची भाबडी श्रद्धा होती. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने तो पाहिला आणि त्या एकांताचा कडक शब्दांत निषेध केला. हेतू सात्त्विक असला, म्हणून कोठडी काही दयाळू होत नाही!

याच्या अगदी उलट प्रयोग आपल्या मुलखात झाला. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर वसले. तिथे कैदी शेती करीत, बायकामुलांसह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाला प्रेरणा याच वसाहतीची.

‘ज्याचे माणूस गेले, त्याने काय करावे?’ असे कुणी विचारील. हा प्रश्न मला टाळता येत नाही. त्याच्या दुःखाची दखल म्हणून शिक्षा हवीच, आणि धोकादायक माणसाला काही काळ अडवणेही भाग आहे. पण बहुतेक कैदी एक ना एक दिवस सुटतात. ज्याला दहा वर्षांत साधा निर्णयही स्वतः घेऊ दिला नाही, तो अकराव्या वर्षी शहाण्यासारखा वागावा, ही अपेक्षा मला चमत्कारिक वाटते. शिवाय २०२२ च्या अखेरीस भारतातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा आरोप सिद्धच झालेला नव्हता.

शासन आपले काम करो वा न करो, एक परीक्षा आपलीही आहे. शिक्षा भोगून आलेला माणूस उद्या दारात काम मागायला उभा राहिला, तर आपण दार किती उघडणार? स्वतंत्रपुराचे यश त्याच्या उत्तरावरच अवलंबून आहे.