हिशेब आणि गणित

ज्याला हिशेब येतो त्याला गणित येते काय? प्रश्न शब्दच्छलाचा वाटतो, पण तो न्यायाचा आहे.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा तीन संशोधकांनी केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका नारळास ३५ क्रुझेरो, तर दहांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तीनांचे १०५, आणखी तीनांसह २१०, मग ३१५ आणि शेवटी ३५० असे तोंडी सांगितले. विक्रीच्या ओघात या मुलांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. तशीच उदाहरणे कागदावर नुसत्या आकड्यांत मांडताच ३७!

आमच्या दिल्लीतही तीच कथा. दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी २०२५ साली ‘नेचर’मध्ये आली. गिऱ्हाइकापुढे अवघड हिशेब करणारी ही मुले शालेय मांडणीच्या तितक्याच, किंबहुना सोप्या उदाहरणांपुढे अडली. उलट, शेजारच्या शाळांतील ४७१ मुलांना आकड्यांची साधी उदाहरणे अधिक जमली. परंतु बाजारातला जो हिशेब तिसऱ्या हिश्शाहून अधिक विक्रेत्या मुलांनी सोडवला, तो त्यांच्यातील शंभरात एकालाच सुटला.

उणे दोन्हीकडे आहे; दंड मात्र एकालाच होतो. (कागदावर नाही ते घडलेच नाही, ही समजूत केवळ आम्हां कारकुनांचीच नव्हे.)

पाठ्यपुस्तकात आंब्या-पेरूंची चित्रे घातल्याने हे मिटणार नाही. टोमॅटोच्या पेटीतला किती माल सडेल, सकाळी भाव काय ठेवावा, संध्याकाळी किती उतरवावा, हे वर्गात मांडून पाहावे. कोणती गोष्ट मोजायची, कोणती सोडायची, काय गृहीत धरायचे, हे मुलांनीच ठरवावे आणि उत्तर बाजारात पडताळावे. तेथे हातगाडीवाल्याच्या मुलाला सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मात्र, गरिबाला बाजाराचेच गणित पुरे, असा अर्थ कोणी काढील तर तो नवा अन्याय होईल. आजचा भाव उद्या बदलतो. बदलल्या भावालाही लागू पडणारा ‘क्ष’ त्याच्याही हक्काचा आहे.

रेसिफेच्या त्या मुलाने दहाने गुणताना शून्य देण्याची शालेय रीत वापरली नाही. ती त्याला शिकवावीच. परंतु आधी त्याच्या तीन, तीन, तीन आणि एक या पायऱ्या फळ्यावर लिहाव्या. वितरणाचा नियम त्यांतच आहे, आणि तो त्या मुलाने नारळ विकता विकता वापरला होता.